पळण्याजोगी गाडी

माझी गार्गी नऊ महिन्यांची झाली, आधाराशिवाय बसायला लागली, तेव्हा मी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली. हिला बाबागाडीत बसवून, गाडी ढकलत मी पळू शकते का? ते म्हणाले, मान आणि पाठ चांगली धरलीय, हरकत नाही, फक्त गाडी पळण्याजोगी हवी. पळण्याजोगी म्हणजे कशी, हे ऐकायला मी थांबलेच नाही. मला होकार पाहिजे होता, तो मिळाला होता.

कॉलेजात असताना मी विद्यापीठाच्या संघातून पळायचे. लग्न होऊन गंगाखेडला आले, शाळेत नोकरी लागली, तरी सकाळचं पळणं सोडलं नाही. बाळंतपणात ते सुटलं आणि मी चिडकी झाले. हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते. माझा नवरा वरद परभणीच्या बँकेत, तो सकाळच्या गाडीनं जातो. सासरे विष्णुपंत, म्हणजे आमचे मामंजी, यांची पूजा चांगली लांबलचक असते. पूजा त्यांची, पण पाणी भरायचं, फुलं निवडायची, गंध उगाळायचं ते सगळं सासूबाईंनी. त्यामुळे सकाळी बाळाला घ्यायला घरात कुणाचेच हात मोकळे नसतात. पळायचं तर गार्गीला घेऊनच, नाहीतर नाही.

परभणीहून माझा भाऊ श्रीनिवास गाडी घेऊन आला. भाचीची पहिली गाडी मामाचीच, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. गुलाबी, झालरीची, बटण दाबलं की गाणं म्हणणारी, आणि चारी कोपऱ्यांना लाडवाएवढी चाकं. घरात सगळ्यांना आवडली. मलाही आवडली. माहेरच्या वस्तूची चाकं कोण बघत बसतं?

सासूबाईंनी मात्र गार्गीला तिच्यात लगेच बसू दिलं नाही. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा ठेवतात, तसा या गाडीतही आधी वरवंटाच बसणार, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आई, हा पाळणा नाही. त्या म्हणाल्या, बाळ ज्यात बसतं तो पाळणाच. मग वरवंट्याला झबलं घालून झालं, कुंची बांधून झाली, गाडीच्या पट्ट्यानं त्याला आवळून झालं, आणि गल्लीतून एक चक्कर मारून आण, असा हुकूम सुटला. मला राग आला होता. गल्लीतून कशाला, मी बूट चढवले आणि सरळ नदीच्या रस्त्याला लागले.

काय सांगू, पाय सुटल्यावर किती बरं वाटलं. पुढची चाकं थरथरत होती, गाडी घडीत डावीकडं, घडीत उजवीकडं ओढत होती, पण माझं लक्ष कुठं होतं. दूधवाल्या दत्तरावांनी कौतुकानं आत डोकावलं, कुंचीत काळा दगड पाहिला आणि किटली उचलून चालायला लागले. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता. ट्रॉल्यांतून पडलेली उसाची कांडकी रस्त्याच्या कडेनं विखुरली होती. त्यातल्या एकावर पुढचं चाक अडलं आणि गाडी तोंडावर उलटली. वरवंटा पट्ट्यातून निसटून डांबरावर आपटला.

समोरून मोटारसायकलवर येणारा माणूस, बाळ पडलं, बाळ पडलं, असा जो ओरडला तो पार नाक्यापर्यंत ऐकू गेला असेल. एका बाईनं धावत येऊन कुंची उचलली, छातीशी धरली आणि मग माझ्याकडं असं पाहिलं की मला हसूच फुटलं. हसता हसता मी रस्त्याच्या कडेला बसले. तिथं गार्गी असती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बातमी माझ्या आधी घरी पोचली. शेजारची राजेश्री रडत सांगायला आली, तेव्हा गार्गी सासूबाईंच्या मांडीवर मऊ भात खात होती. मी आले तर मामंजी दारातच उभे होते. आता पळणं बंद, एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. आमच्या घरात ते आवाज न चढवता बोलले की विषय संपतो.

माझा संपला नाही. मी पुन्हा डॉक्टरांकडं गेले आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. मोठी, हवा भरायची तीन चाकं हवीत. पळताना पुढचं चाक सरळ धरून पक्कं करता आलं पाहिजे. पट्टा बाळाच्या खांद्यावरून, कमरेवरून आणि पायांमधून यायला हवा. हाताशी ब्रेक हवा, आणि गाडी सुटून जाऊ नये म्हणून आपल्या मनगटात अडकवायची दोरी. दिसायला कशी आहे हे शेवटी बघायचं. माझ्या पगारातून तशी गाडी मागवली आणि श्रीनिवासला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, गुलाबी बाजारात न्यायला ठेव.

नवी गाडी आली ती काळी, दांडगी, झालर नाही की गाणं नाही. मामंजींनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, तुम्ही नको म्हणालात तर मी परत पाठवते. पळणंही सोडते.” हे मी मनापासून म्हटलं होतं. त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, ही दोरी कशाची ते विचारलं, पण हो किंवा नाही काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालून बसले होते. सासूबाईंनी पदर खोचला, गार्गीला गाडीत नीट बांधलं, दोरी स्वतःच्या मनगटात अडकवली. आधी मी बघते, म्हणाल्या आणि निघाल्या. गल्लीच्या टोकापर्यंत मला दिसत होत्या. मग वळल्या. आतून मामंजींनी पाणी मागितलं, फुलं मागितली. सासूबाई काही येईनात. मी पळत सुटले.

नदीच्या घाटावर त्या सापडल्या. गाडीचा ब्रेक लावलेला, गार्गी झोपलेली. सासूबाईंचा चेहरा लाल झालेला, केस सुटलेले, आणि नजर पाण्यावर. मी धापा टाकत विचारलं, आई, काय झालं?

“काय व्हायचंय? बघायलेय,” त्या म्हणाल्या. “लग्न होऊन आले तेव्हापासून नदी हाकेवर आहे. सणावाराला आले असेन बायकांच्या घोळक्यात. सकाळच्या पारी अशी कधीच नाही आले. तुला दररोज पळत जाताना बघायचे ना, तवा लय राग यायचा मला तुझा.”

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.

“एक दिवस तू पळ,” त्या म्हणाल्या, “एक दिवस मी हिला घेऊन येईन, त्या दिवशी पूजेचं तू बघ.”

म्हणजे माझं पळणं निम्म्यावर आलं. मी हो म्हटलं, आणि घरी जाताना गाडी त्यांनाच ढकलू दिली.