बेरजेच्या जागी सूत्र

विसाया बेटसमूहातल्या एका लहान बेटाच्या धक्क्यावर नऊ वर्षे राबलेला संगणक मी आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

मला सेबू शहरातून होडीतूनच आणले. पेटीवर शिंतोडे उडाले, पण मी कोरडा राहिलो. धक्क्यावरची कारकून लिओनिला, जिला सगळे मनांग म्हणजे ताई म्हणत, प्रत्येक फेरीआधी प्रवासी, तांदूळ, डुकरांचे पिंजरे यांची वजने माझ्या तक्त्यात भरी. तळच्या चौकटीतले सूत्र त्यांची बेरीज दाखवी. ती पाहून मनांग शिक्का मारी, मगच होडीवाला नोंग, म्हणजे दादा, क्रिस्पुलो दोर सोडी. माझे कौतुक नऊ वर्षांत एकदाच झाले. "हा चुकत नाही," मनांग कोणाला तरी म्हणाली होती. मला तेवढे पुरले.

मग सर एदिल्बेर्तो साहेब म्हणून आले. खिशात तीन पेने, पण एकाचेही टोपण निघालेले मी पाहिले नाही.

पलीकडच्या गावी जत्रा होती. होडी गच्च भरली होती. मनांग वजने भरून पिंजरे मोजायला बाहेर गेली, आणि सर माझ्यासमोर बसले. प्रवाशांच्या फोन नंबरांतले पहिले शून्य मी गिळतो, ही त्यांची तक्रार. उपाय म्हणून त्यांनी अख्खा तक्ता निवडून 'मजकूर' करून टाकला. नंतर बेरजेची चौकट उगीच उघडली आणि एंटर दाबले. आकडा गेला, सूत्र तेवढे उरले. मजकूर आहे म्हणून सांगितले, मी मजकूर दाखवला. सरांनी मला थप्पड मारली. मग बंद करून पुन्हा चालू केले. दुसरे काही त्यांना येतच नव्हते.

"हा गेला," ते दारातून ओरडले. "नोंग, सोड होडी. दिसतेय की बरी."

"भाराची रंगीत रेघ पाण्याखाली गेलीय, सर," नोंग म्हणाला. "आकडा द्या, मग सोडतो."

मनांग आत आली. "कोणी हात लावला याला?"

"कोणी नाही. आपोआप झालं."

"आपोआप फक्त तुमची जेवणाची सुट्टी होते, सर. सरका जरा."

तिने चौकटीचा प्रकार बदलून 'सामान्य' केला. सूत्र तसेच राहिले.

"बघ, म्हटलं ना," सर हसले. स्वतःच बिघडवलेले दुसऱ्यालाही नीट करायला जमत नाही, याचा माणसाला केवढा आनंद होतो!

मनांगने पडद्यावरचे सूत्र एकदा वाचले. मग तिने चौकट उघडली, सूत्राच्या शेवटी जाऊन नुसते एंटर दाबले. मी ते नव्याने वाचले आणि उत्तर दिले: सात हजार आठशे चाळीस किलो. होडीची मर्यादा सात हजार होती.

"सिमेंटची चाळीस किलोंची एकवीस पोती उतरवा," मनांग म्हणाली.

"ती माझ्या मेव्हण्याची आहेत," सर म्हणाले.

"मग मेव्हण्याला सांगा, पुढच्या फेरीला या. नाहीतर शिक्का तुम्ही मारा, खाली तुमच्या नावानं."

सरांनी शिक्का मारला नाही. सही करायची वेळ आली की अशा माणसांची पेने खिशातच राहतात. पोती उतरली.

संध्याकाळी नोंग खांद्यापर्यंत भिजून परत आला. "मनांग, मधेच वारा फिरला. लाट काठावरून आत आली," तो म्हणाला. "ती पोती असती तर आज आमची नावं तुझ्या तक्त्यातच राहिली असती."

सरांनी त्याच आठवड्यात मी बिघडलो असल्याचा अहवाल वर पाठवला. आता मी जाळ्यांच्या ढिगामागे पडून आहे.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मला तिचा उपयोग नाही. फक्त जे कळत नाही त्याला हात लावण्याआधी ज्याला कळते त्याला विचारा. आणि तेवढेही जमत नसेल, तर निदान मारू नका. थप्पड खाऊन आजवर कोणाचीही बेरीज बरोबर आलेली नाही.