बाटलीची मागची बाजू

सदलग्याच्या बाहुबली आप्पांच्या जैन घरात बिस्किटाचा पुडा थेट ताटलीत येत नाही. आधी तो भिंगाखाली जातो. मागची बारीक अक्षरं आप्पा कोर्टाच्या नोटिशीसारखी वाचतात. अंडं नाही, जिलेटिन नाही, कांदा-लसूण नाही; मग पुडा सुटतो.

परवा त्यांची नात दिव्या जेवताजेवता पाटावरून कलंडली. हातपाय ताठ, डोळे पांढरे. तिला लहानपणापासून फिट यायची. गोळ्यांमुळे बरीच वर्षं आली नव्हती. घरात त्या आजाराचं नावही कुणी काढत नसे. तिच्या आईनं, पद्मावतीनं तिला कुशीवर वळवलं. शेजारच्या जयाबाई कांदा फोडून धावत आल्या, "हुंगवा गं तिला, हुंगवा!"

आप्पा उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "कांदा आत आणायचा न्हाय."

नातीच्या तोंडाला फेस आला होता, आणि घर कांद्यापासून वाचलं होतं.

फिट ओसरल्यावर दिव्याला चिकोडीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकली का?"

"एक बी न्हाय."

"दुसरं काही दिलंत?"

आप्पांनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची बाटली काढली. डॉक्टरांनी ती फिरवून मागून वाचली. "यात सल्फाइट आहे. औषध टिकावं म्हणून घालतात. बहुतेकांना काही होत नाही. फिट येणाऱ्यांबद्दल शंका घेतली जाते, सिद्ध झालेलं नाही. याच्यामुळंच फिट आली असं मी म्हणणार नाही. खोकल्यानं झोप मोडली, तेही कारण असेल. पण पोरीला फिट येते, हे दुकानात सांगितलंत?"

"भर पेठेत दुकान हाय, डॉक्टर. पोरीचं लग्न व्हायचंय."

"म्हणजे औषधवाल्याला नुसता खोकला दिसला."

खाटेवरून दिव्या हळूच म्हणाली, "आप्पा, बिस्किटात काय घातलंय ते तुमी वाचता. माझ्या औषधात काय घातलंय, ते कोण वाचणार?"

आप्पांचा हात खिशाकडे गेला. भिंग तिथंच होतं. बाटली आणली त्या दिवशीही तिथंच होतं.

डॉक्टरांनी ते औषध बंद केलं, दुसरं लिहून दिलं आणि बजावलं, "फिटच्या गोळ्या मात्र मनानं थांबवायच्या नाहीत."

आप्पा त्याच दुकानात गेले. गर्दी होती. तीत दिव्यासाठी स्थळ सुचवणारे आण्णाप्पाही होते. आप्पांनी त्यांना पाहिलं, आणि आवाज खाली आणला नाही.

"माझ्या नातीला फिट येते. हे नवं औषध तिला चालतंय का, नीट बघून दे."

कुणी कॅलेंडर वाचू लागलं, कुणी चपला. आप्पा भिंग लावून बाटलीची मागची बाजू वाचत राहिले. मग आण्णाप्पा जवळ सरकले.

"आप्पा, माझ्या थोरल्याला बी येते. आमी चक्कर म्हणतो." थोडं थांबून त्यांनी हात पुढं केला. "भिंग द्या की जरा."

तेव्हा मंडळी, बाटली फिरवून वाचा. कळलं नाही तर विचारा, आणि विचारताना आजाराचं खरं नाव घ्या. आजार लपवला म्हणून जात नाही. तो फक्त औषध देणाऱ्याला दिसत नाही.