राखून ठेवलेली पट्टी

मी विळा बोलतोय. खडवलीच्या रघुच्या पडवीत, आढ्याला खोचलेला. अंगावर गंज चढलाय, पण जीभ शाबूत आहे. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू पडा.

कल्याणच्या एका लोहारानं मला ट्रकच्या पाट्यातून ठोकून काढलं. रघुनं अंगठ्यानं धार बघितली, "चालंल" म्हणाला, झालं. दसऱ्याला हळदकुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी चिखलात फेकायचं, अशी माणसांची भक्ती. रघु तसा नव्हता. काम झालं की धोतराच्या सोग्याला पुसायचा मला.

त्याची एक गाय, कपिला. हिवाळ्यात तिच्यासाठी बरसीम पेरायचा आणि दरसाल कुरकुरायचा, "बी विकतच आणायचं म्हंजे काय? आपलं बी आपल्या घरात पायजे."

"काढा आता म्हातारपणी बियाण्याचा कारखाना," त्याची बायको गोदा चुलीपुढून टोमणा मारायची.

मग नौपाड्याची हेमांगी आली. शेतकी कॉलेजात शिकवते. पांढऱ्या क्लोव्हरच्या दोन जाती घेऊन आली. थंड मुलखातलं तीन पानांचं गवत. इथल्या हिवाळ्यात कुठली जात चारा देते, कुठली बी देते, ते तिला बघायचं होतं. रघुनं शेजारीशेजारी पेरल्या. एकीला नाव ठेवलं बुटकी, दुसरीला रुंदपानी.

बुटकी जमिनीला चिकटून पसरली. फुलं रग्गड, पण चारा म्हणाल तर कपिलेच्या दाताला लागेना. रुंदपानी मी कापावी तितकी फुटायची. कपिला गव्हाण चाटून पुसून ठेवायची. फूल धरायला मात्र महाकंजूष.

"काका, चारा देणारी बी देत नाही, असंच असतं," हेमांगी म्हणाली. "बी हवं तर कापणं थांबवा."

रघुनं थांबवलं. रुंदपानीची एक पट्टी राखली. चार काठ्या रोवल्या, गोदाच्या जुन्या लुगड्याची किनार बांधली. "हिला विळा लावायचा नाय," मलाच दम दिला येड्यानं. कपिला त्या पट्टीकडे बघून हंबरायची, हा पाठ फिरवायचा. थोडी फुलं आली, करडी पडली. एक बोंड तळहातावर चोळून त्यानं गोदाला दाखवलं. खसखशीएवढं पिवळं बी. "जरा कच्चं हाय. इथल्या मातीतलं आपलं बी, गोदे." इतका हसलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

आणि चैत्रात गेला. पाणी लावून आला, ओट्यावर बसला, उठलाच नाही.

तेराव्याला गाईला घास द्यायचा, तर हिरवं हवं. मुलगा देवेश वर्तकनगरला असतो. मला घेऊन तोच शेतात आला, मागोमाग सून भावना.

"अहो, ही पट्टी बांधून ठेवलीय. आईंना विचारू या का?"

"अगं, बाबांनी राखलीय म्हणजे कपिलेसाठीच. आणखी कुणासाठी राखतील?"

रडत रडत कापली त्यानं. मुळापर्यंत. नंतर उन्हानं खुंटही जळाले.

गोदा बाहेर आली तेव्हा कपिला शेवटचा घास चावत होती आणि किनार देवेशच्या हातात होती. "काय रं केलंस—" एवढंच म्हणाली. देवेशला वाटलं, आई बाबांसाठी रडतेय. तिनंही सांगितलं नाही. म्हणाली, "खाऊ दे. त्यांच्या नावानं खाल्लं."

हेमांगी बी न्यायला आली, तर तिला चार काठ्या दिसल्या. विकतच्या बियाण्याची पाकिटं आणखी मिळतील. पण या मातीत तगून धरलेलं बी ते नव्हे.

आता कार्तिक आहे. कपिला शेजारच्या पंढरीकडे गेली. मी इथून उकिरडा बघतो, दुसरं काय काम आहे मला? तिचं शेण तिथंच पडायचं. त्या शेणातून तीन-तीन पानं वर आलीत. रुंद. मी जन्मभर कापलंय, मला ओळख नको? सगळं बी काही गाईच्या पोटात मरत नाही.

हे रघुनं लांबूनच ओळखलं असतं. गोदाच्या डोळ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि देवेशला ते गवतच.

तो आज आईला न्यायला आलाय. आत गोदा लुगड्यांच्या घड्या घालतेय. "आई, उकिरड्यावर गवत माजलंय, तेवढं साफ करतो, मग निघू," म्हणाला, आणि मला आढ्यातून ओढलं.

गोदा, चष्मा लाव आणि एकदा बाहेर ये गं. मला हाक मारता येत नाही. देवेश मला दगडावर घासतोय, आणि मेला हा गंज, भराभरा निघतोय.