बूट नसलेला सांधा

पुंजाराम पगारे यांनी शुक्रवारी सकाळी गाडीचं दार उघडलं, तेव्हा गाडीला स्टिअरिंग नव्हतं.

आरसा जागेवर होता, गिअर होता, मागच्या सीटवरची नातीची झबली होती. स्टिअरिंगच्या जागी मात्र एक बोडका लोखंडी दांडा त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन महिने त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी कालच परवानगी दिली होती. रविवारी मुलीला, स्नेहाला, पाच महिन्यांच्या बाळासह मालेगावला सासरी पोचवायचं होतं. सोमवारी तिला शाळेत रुजू व्हायचं होतं, रजा संपली होती. म्हणून आज ते टायरमधली हवा बघायला निघाले होते.

"जयभीम, पगारे साहेब," शेजारचा भिकन फाटकातून डोकावला. "काय झालं?"

"स्टिअरिंग चोरीला गेलं."

"नुसतं स्टिअरिंग? मग चोर काय तोंडाने भुर्र करत पळाला का?"

तेवढ्यात अश्विन घरातून बाहेर आला. तोंडात ब्रश, आणि कोपरात अडकवलेलं एक छोटंसं, काळ्या मखमलीसारख्या कापडाचं स्टिअरिंग. त्याने ते दांड्यावर ठेवून दाबलं. खट्ट आवाज झाला.

"चोरी नाही, पप्पा. रात्री मीच काढून ठेवतो. रेसिंगचं आहे."

"हे कुणाला विचारून केलंस?"

"सांगणारच होतो. पण तुमचं ऑपरेशन..."

"ऑपरेशन डोळ्याचं होतं. कानाचं नव्हतं."

भिकन हसू दाबत आत गेला.

अश्विन सत्तावीस वर्षांचा, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. रविवारी तो मित्रांबरोबर घोटीच्या पुढे एका मैदानावर जात असे. तिथे ठोकळे मांडून, घड्याळ लावून गाड्या पळवत. इथवर पुंजारामांना माहीत होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. गाडी त्यांच्या नावावर होती, विमाही त्यांच्याच नावावर. पण आठवडाभर ती अश्विनच ऑफिसला नेत असे.

"मूळच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग होती. ती कुठे आहे?"

"काढली. या स्टिअरिंगवर बसत नाही."

पुंजारामांनी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि एकेक करून विझले. एअरबॅगचा लाल दिवासुद्धा विझला.

"एअरबॅग नाही, मग हा दिवा विझला कसा?"

अश्विनने खाली थुंकून तोंड पुसलं. "गॅरेजवाल्या ललितने वायरिंगमध्ये एक छोटा रेझिस्टर टाकलाय. त्यामुळे गाडीला वाटतं, एअरबॅग आहे."

पुंजारामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं ते अंबडच्या एका कारखान्यात होते. चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा सांधा तिथे बनत असे आणि शेवटच्या तपासणीला ते बसत. तुकडा चांगला असेल तर पिवळा ठिपका, वाईट असेल तर लाल फुली. एवढंच काम. पण त्या एकतीस वर्षांत लाल फुली पुसून पिवळा ठिपका लावायची हिंमत त्यांच्यासमोर कुणाची झाली नव्हती. मॅनेजरचीसुद्धा नाही. आणि इथे त्यांच्याच पोराने, त्यांच्याच गाडीत, दोष तसाच ठेवून दिवा विझवला होता.

"काढलेली एअरबॅग कुठे आहे?"

यावर अश्विनने आईकडे पाहिलं. यशोदाबाई दारात उभ्या होत्या.

"माळ्यावर," त्या म्हणाल्या. "जुन्या साडीत गुंडाळून ठेवलीय. हा म्हणाला, आई, जपून ठेव, आपटू नको."

"कुठल्या माळ्यावर?"

"आतल्या खोलीच्या."

आतल्या खोलीत माळ्याखाली झोळी होती. झोळीत नात झोपली होती.

"अगं, त्यात स्फोटक असतं! फुगा काय फुंकर मारून फुगतो? दारू उडते तेव्हा फुगतो!"

"मला काय माहीत?" यशोदाबाई चिडल्या. "मला म्हणाला जपून ठेव, मी जपून ठेवलं. तुम्ही बापलेक गाडीचं बोलता तेव्हा मला कुणी काही सांगता का?"

स्नेहाने बाळ उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेलं. जाताना भावाला एवढंच म्हणाली, "अश्विन, तू रविवारी येऊ नकोस. मी एसटीने जाईन."

"एवढं सामान घेऊन?"

"हो. एसटीला स्टिअरिंग असतं."

पुंजारामांनी सांगितलं, गाडी आधी मी चालवून बघणार. अश्विन बाजूला बसला. ते सिडकोतून पाथर्डी फाट्याकडे निघाले.

खोटं कशाला बोला, गाडी सुरेख चालत होती. जुनं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेरे घ्यायचं, हे अडीचच घेत होतं. मनात आणावं आणि गाडीने वळावं. खालचा रस्ता हाताला कळत होता: कुठे खडी, कुठे ओल, कुठे डांबराचा जोड. एका वळणावर पुंजारामांना चक्क विशीतली सायकल आठवली. अश्विन तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघत होता, ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी चेहरा घट्ट केला.

"कसं वाटतंय?"

"खड्डे मोजता येतायत. मनगटापर्यंत पोचतायत."

"मधलं रबर काढलंय ना. रबर सगळं खाऊन टाकतं. खालचे सांधेही ललितने रेसिंगचे बसवलेत, नुसते स्टीलचे. लय मजबूत, पप्पा. तुमच्या कंपनीच्या मालासारखे रबरी बूटवाले नाहीत."

गाडी परत आणून लावताना जागेवर स्टिअरिंग वळवायला दोन्ही खांदे लागले. पुंजारामांनी चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवली.

रबरी बूट म्हणजे सांध्यावर चढवलेली वाटीएवढी टोपी. आत ग्रीस भरलेलं. धूळ-पाणी बाहेर राहतं, ग्रीस आत राहतं. त्या टोपीला कुठे चीर आहे का, हे बघण्यात पुंजारामांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. दिवसाला नऊशे नग. सगळ्यांत आधी कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू येत असेल, तर तो तपासणीवाल्यांच्या, असं ते थट्टेने म्हणत. आता पोरगा सांगत होता, ती टोपी म्हणजे दुबळेपणा.

शनिवारी सकाळी ते अश्विनला घेऊन अंबड लिंक रोडवर ललितच्या गॅरेजवर गेले. ललित तिशीतला, हाताने हुशार, बोलायला गोड. "या काका, चहा सांगतो."

"चहा राहू दे. गाडी पिटवर घे."

ते स्वतः खड्ड्यात उतरले. अश्विनला वर बसवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे बोटभर हलवत राहायला सांगितलं. ललितने टॉर्च धरली. सांधा उघडा होता. भोवती काळ्या चिखलाचा जाड लेप. पुंजारामांनी त्यावर तळहात ठेवून डोळे मिटले.

टक.

पुन्हा टक. डावीकडे नेताना एक, उजवीकडे एक. स्टिअरिंग आधी हलत होतं, चाक मागाहून. केसभरच. पण आहे म्हणजे आहे.

"ललित, हे बसवून किती दिवस झाले?"

"दोन महिने, काका."

"आमचा रबरी बूटवाला सांधा पाच-सात वर्षं हलत नाही. हा दोन महिन्यांत खुळखुळला. मजबूत म्हणे!"

ललितने हात घालून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो लेप बोटावर घेऊन त्याने चोळला. "अश्विन, याला ग्रीस कुणी लावलं?"

"मी," वरून आवाज आला. "दर रविवारी लावतो. भरपूर."

"अरे, हा सुका सांधा आहे! आत पातळ अस्तर असतं, त्याला ग्रीस चालत नाही. ग्रीसने धूळ धरून ठेवली. पॉलिश पेपरने घासल्यासारखं झालंय आत."

"मला कुणी सांगितलं नाही. लांबच्या प्रवासाआधी आणि दर रविवारी सांध्याला ग्रीस..." अश्विन थांबला. मग हळूच म्हणाला, "हे पप्पांनीच शिकवलंय. नववीत असताना."

खड्ड्यात पुंजाराम उभेच राहिले. खरं होतं. जुन्या स्कूटरपाशी बसवून, पोराच्या हातात ग्रीसचा डबा देऊन त्यांनीच शिकवलं होतं. कुठला सांधा, कसला सांधा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आयुष्यात सांधा एकाच जातीचा होता.

ललितला जरा जोर आला. "बघा काका, म्हणजे मालाचा दोष नाही."

"याच्या खोक्यात कागद असेल. काढ."

ललितने टेबलाचा खण उपसला. घडीसुद्धा न मोडलेला कागद सापडला. पुंजारामांनी वर येऊन, चष्मा लावून तो वाचला, मग खिडकीतून अश्विनच्या हातात दिला. "मोठ्याने वाच. मराठीत सांग."

अश्विनने वाचलं. "तेल किंवा ग्रीस लावू नये. प्रत्येक स्पर्धेनंतर खोलून तपासावे, हलल्यास बदलावे." तो अडखळला. "सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही."

"परत वाच. शेवटचं."

"पप्पा..."

"परत!"

गॅरेजमधलं काम थांबलं. अश्विनने परत वाचलं.

"सगळे बसवतात, काका," ललित म्हणाला. "कोण वाचतो हे?"

"तेच म्हणतोय मी!" पुंजारामांचा आवाज चढला. "कोण वाचतो? कुणीच नाही. मी वाचलं नाही, यानं वाचलं नाही, तू खणात टाकलंस. रस्त्यावरची गाडी अशाच माणसांची असते. तिच्या मालकाला काही कळत नाही, तो वर्षभर खाली वाकून बघत नाही, चुकीच्या ठिकाणी ग्रीस फासतो. हे सगळं सोसून जो टिकतो, तो रस्त्याचा सांधा. त्यासाठी ती टोपी असते रे! रेसच्या गाडीला दर रविवारी खोलणारा माणूस असतो. तिथे हा सांधा राजा आहे, मी नाही म्हणत नाही. काल मी स्वतः चालवली. मजा आली. पण माझ्या नातीच्या गाडीला दर रविवारी कोण खोलणार? तू?"

अश्विन स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता.

"आणि तो रेझिस्टर. तो आधी काढ. सांधा न कळून बिघडला, ते मी माझ्या अंगावर घेतो. दिवा तू कळून विझवलास."

जुने भाग गोणीत होते. मूळची रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारी दातेरी पट्टी, आणि दोन सांधे. एक ठीक. दुसरा ललितने काढताना चिमट्यासारखा फोर्क घालून हातोड्याने ठोकला होता; टोपीला नखाएवढी चीर पडली होती.

"एवढ्याने काय होतं, काका? वर्षभर चालेल. उद्या निघायचंय तुम्हाला."

पुंजारामांनी कपाटावरचा खडू घेतला. लाल नव्हता, निळा होता. त्यांनी त्या सांध्यावर फुली मारली आणि तो बाजूला ठेवला. "नवा आण."

नवा मिळायला दुपार झाली. द्वारका चौकाजवळच्या तिसऱ्या दुकानात सापडला. खोकं उघडल्यावर पुंजाराम तो उजेडात धरून बराच वेळ फिरवत राहिले. टोपीच्या कडेला हिरवा ठिपका होता. रंग बदलला होता. आता तपासणीला कुणाचा हात असेल, त्यांना माहीत नव्हतं. टोपी त्यांनी तरीही पूर्ण गोल फिरवून पाहिली.

रॅक, सांधे, स्टिअरिंग, सगळं बसायला संध्याकाळ झाली. माळ्यावरून आणलेली एअरबॅग जोडायच्या आधी ललितने बॅटरीची वायर काढून, उरलेली वीज उतरेपर्यंत थांबायला लावलं. तेवढी शिस्त त्याला होती, आणि त्यामुळेच पुंजारामांना जास्त राग आला. शेजारच्या, चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याला त्यांनी दुकान बंद करू दिलं नाही. शेवटी चावी फिरवली. एअरबॅगचा दिवा लागला, आणि आपणहून विझला.

रविवारी सकाळी स्नेहा दारात येऊन थांबली. बाळ खांद्यावर होतं. "पप्पा, बसू?"

"बस."

तिने भावाकडे बघितलं नाही, पण पिशव्या त्याच्याकडे दिल्या. गाडी अश्विननेच चालवली. आडगाव गेलं, पिंपळगावचा टोल गेला. "म्हैस झालीय गाडीची," तो एकदा पुटपुटला. चांदवडच्या पुढे राहुड घाटात समोरच्या कांद्याच्या ट्रकने अचानक ब्रेक दाबला, मध्येच एक ओबडधोबड खड्डा आला. गाडी त्यावरून गेली, हेलकावली, सरळ झाली. मागे बाळ जागंही झालं नाही.

मालेगावला जेवणं झाली. परत निघताना पुंजाराम पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी ललितला फोन लावला.

"हा संच आणखी कुणाकुणाच्या गाडीत बसवलायस?"

ललित एकेक नाव सांगत गेला. पुंजारामांनी सांध्याच्या त्या कागदाच्या पाठीवर पेनने लिहून घेतलं. तीन नावं, फोन नंबरांसकट. दोन नाशिकची, एक सुरगाण्याकडच्या मास्तरांचं. मास्तर रोज घाटातून शाळेत जात.

"त्यांना कागद दिलास?"

"नाही, काका."

"रेझिस्टर?"

ललितने फोन ठेवला.

संध्याकाळी द्वारकाला अश्विनने घराच्या बाजूचा इंडिकेटर दिला.

"घरी नाही," पुंजाराम म्हणाले. "आधी गंगापूर रोड. जयराम म्हणून कुणी आहे."

"पप्पा, आज रविवार आहे. ओळख ना पाळख, लोकांच्या दारात जाऊन काय सांगणार?"

"कागद तू वाचून दाखवणार. काल वाचलास तसा."

"आणि मास्तर?"

"त्यांना आत्ता फोन लाव. म्हणावं, उद्या गाडी काढू नका, एसटीने जा. आम्ही सकाळी येतोय."

अश्विनने गाडी कडेला घेतली आणि खिशातून फोन काढला.