पहिला हेल

माझा भाऊ नवनीत याचा शहाद्यात स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे मोबाईलच्या दुकानामागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. लग्नातल्या डीजेची गाणी तिथे निघतात. नवरदेवाचं नाव बदललं की नवं गाणं, असा सगळा कारभार.

आमची माय, दगूबाई, ब्राह्मणपुरीत रडणं धरायची. कुणाच्या घरी मयत झाली की पहिला हेल तिचा. मेलेल्याचं नाव घेऊन ती असा आवाज लावायची की अंगणातल्या पुरुषांच्या माना खाली जायच्या. मग बाकीच्या बाया तिच्यामागे यायच्या. नाव घेतल्याशिवाय एकही बाई तोंड उघडत नसे, कारण कुणासाठी रडायचं ते आधी सांगावं लागतं.

तिच्या घशात गाठ निघाली. नाशिकच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आधी तिला एकच गोष्ट हवी होती.

"मी मरसू तवय मन्हं रडणं कोन धरी?" ती म्हणाली. "मन्हं मीच धरसू. तुन्हा मशीनमा भरी ठेव."

मला हे मुळीच आवडलं नाही. जिवंत बाईने स्वतःचं रडणं भरून ठेवायचं म्हणजे काय? तरी मी माझ्या सासरच्या गावाहून, प्रकाशाहून, गेलेच. तो आवाज जाणार होता आणि तो मलाही हवा होता.

नवनीतने दोन नवी यंत्रं आणली होती. पहिलं प्रीअँप, माइकमधून येणारा बारीकसा आवाज मोठा करणारं. त्याच्या पुढे कॉम्प्रेसर, आवाज फार चढला की त्याला दाबून धरणारा. दोन्हींवर हात फिरवताना त्याला कोण आनंद होत होता.

"माय, आवाज तपासना शे. जराखं रडी दखाड."

"तपासाकरता रडतस का?" माय म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. आमच्यात मयताशिवाय रडणं धरत नाहीत. म्हणून तिने हळदीचं गाणं म्हटलं, घसा जपत, हलक्या आवाजात. मीटरचा काटा जागचा हलेना. नवनीतने प्रीअँपचं बटण फिरवत फिरवत पार वर नेलं. काटा नाचायला लागला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

"रडणं हळदना गाणासारखं नही ऱ्हास," मी म्हटलं. "कमी कर."

"कॉम्प्रेसर कसाले शे मंग, ताई? तो दाबी लेई."

मायने पदर पुढे ओढला, छातीवर हात ठेवला आणि स्वतःचं नाव घेतलं. "दगू वं..." डॉक्टरांनी लावू नका म्हटलेला सगळा जोर तिने त्यात घातला. ती समोर बसलेली असताना मी तिच्या मरणाचं रडले. प्रीअँपवरचा लाल दिवा पेटला तो विझेचना. नवनीतने धावत बटण खाली आणलं आणि पुढच्या ओळी नीट आल्या.

पण पहिला हेल फाटला होता. नावाच्या जागी नुसती खरखर, फरशीवर पत्र्याचा डबा ओढल्यासारखी. आवाज प्रीअँपमध्येच फुटला होता. पुढे बसलेल्या कॉम्प्रेसरने तो फुटकाच दाबून पुढे पाठवला होता.

"माय, आखो एकदाव," नवनीतने हात जोडले. "पहिलाच फक्त."

"एक जीवले एकच हेल." तिचा आवाज आधीच बसला होता. "दुसरा काढसू त दुसरं कोन जाई? तू, का हाई?" तिने माझ्याकडे बोट केलं.

नवनीतला मी तोंडाला येईल ते बोलले. मायवर मात्र रागावता आलं नाही. तिला आमच्या जिवाची भीती वाटत होती, स्वतःच्या नाही.

ऑपरेशननंतर ती टाळी वाजवून हाक मारायची. मिरच्या वाळत घालायच्या दिवसांत ती गेली.

ओसरीत बाया जमल्या आणि गप्प बसून राहिल्या. धरणारीच आडवी होती. नवनीतने स्पीकर लावला. ती खरखर काही केल्या सुधारली नव्हती, म्हणून त्याने ती कापून टाकली होती. मायचा आवाज एकदम दुसऱ्या ओळीपासून सुरू झाला. "तुन्ही चूल थंडी पडनी वं..." स्वच्छ, भरलेला, तिचाच. पण नाव नव्हतं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या, मागे कुणीच आलं नाही.

"नाव ले ना, बेटी," रुखमाबाई काकूने मला ढोसलं. मला घेता आलं नाही. माय गात होती आणि मला ती ऐकायची होती. त्या आवाजावर माझा चिरका आवाज टाकवेना.

रडणं संपलं. मग स्पीकरमधून मायचा खोकला आला, आणि त्यामागून तिचं साधं बोलणं, भरून झालं का असं विचारणारं:

"नवनीत... व्हयनं का रे?"

तेवढा तुकडा माझ्या भावाला कापवला नव्हता. तिचं बोलणं त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

बायांनी नवनीतकडे बघितलं. सगळ्या रडण्यात एकच नाव घेतलं गेलं होतं, आणि ते जिवंत माणसाचं होतं. नवनीतने वायर उपटली, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याची बायको आशा आतून धावत आली, त्याला मायच्या अंगापासून लांब ओढलं आणि हंबरडा फोडला. तिच्यामागे काकू, मग सगळ्या. मीही. भावाचा दंड घट्ट धरून मी त्याच्यासाठी रडत होते. मायचं रडणं राहूनच गेलं.