दाराच्या भिंगातून

धाकट्या दिराने फिल्म काढली तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. आम्ही चौथ्या मजल्यावर, तो आमच्याच खाली तिसऱ्यावर. बाहेर कोण आलंय ते बघायला दाराला जे भिंग असतं ना, त्याला आतून कॅमेरा लावून त्याने वर्षभर पॅसेज टिपला. प्रयोग म्हणे! शहरातली माणसं एकमेकांकडे भिंगातूनच बघतात, असं काहीतरी. वा रे शहाणा.

सुट्टीच्या दिवशी त्याच्या हॉलमध्ये पडदा लागला. त्याचे मित्र मागे, आम्ही घरचे पुढे, सासूबाई माझ्या आणि त्याच्या मध्ये. पडद्यावर गॅसवाला आला, शेजारीण कुत्र्याला दटावत गेली. सगळे हसले, मीही हसले.

मग पडद्यावर लिफ्टमधून माझ्या सासूबाईच उतरल्या. हातात भाजीची पिशवी. इथे सगळे मजले सारखे, तीच फरशी, तीच दारं. हल्ली त्यांचा गोंधळ होतो. चौथा समजून त्या तिसऱ्यावर उतरल्या होत्या आणि आमची किल्ली त्याच्या कुलपात फिरवत होत्या. फिरेना. बेल दाबली. "सूनबाई, अगं उघड ना," म्हणाल्या. पुन्हा दाबली. शेवटी पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकल्या. भिंगात त्यांचं नाक हे एवढं मोठं दिसत होतं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी आई घामाघूम होऊन घरी आल्या होत्या. "किल्लीच बिघडली गं," म्हणाल्या आणि मी मूर्खासारखी नवी किल्ली करून आणली होती.

"भावजी, तेव्हा तुम्ही घरात होतात?"

"वहिनी, हळू बोला. दार उघडलं असतं तर शॉट गेला असता."

"आईपेक्षा शॉट मोठा? आत्ताच्या आत्ता काढून टाका तो."

"कसा काढू? सगळ्यांना तोच तर आवडतोय!"

एवढ्यात आई पुढे वाकल्या. पडद्यावरची बाई कोण, हे त्यांना उमगलंच नव्हतं.

"अरे, बिचारी केव्हाची उभी आहे. कुणीतरी दार उघडा ना तिला." त्यांनी धाकट्याचा हात धरला. "आत कुणी नाही का रे?"

आता कुणी हसलं नाही. मी आईंना हाताला धरून उठवलं.

"आहे की, आई," मी म्हणाले. "तिचा मुलगाच आहे आत. बघत उभा आहे."