समोरून काढलेलं चित्र

रेवतीने सासूला, द्वारकाबाईंना, फोन दिला तो असा, की जणू सोन्याचे गोठच हातात घातले. शेजारच्या तिवारीणबाईंना गच्चीवरून ओरडून सांगितलं, "अम्माजी को आयफोन दे दिया मैंने!" स्वतः वापरून, कोपरा फोडून, नवा घेतल्यावर उरलेला तो फोन. उष्टं ताट पुढे सरकवायचं आणि वर दवंडी पिटायची, ही त्या बाईची पहिल्यापासूनची रीत. द्वारकाबाईंनी ते गिळलं, कारण त्यांच्या जुन्या फोनची बॅटरी फुगून पाठ उघडी पडली होती.

पण हाताला सवयीचा तो आपला जुनाच. द्वारकाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरं त्यांना मुंग्यांच्या रांगेसारखी. त्या फोन वाचत नसत, चित्र आणि चित्राची जागा ओळखत. ग्वाल्हेरला दिलेल्या लेकीने, रजनीने, त्या जुन्या फोनच्या पहिल्या पानावर लागतील तेवढीच चित्रं लावून दिली होती. बाकीचा पसारा पोटात. बोट बुडापासून वर ओढलं की सगळा बाहेर, सोडलं की आत. नव्या फोनचं बूड कितीही ओढा, काही निघत नसे. सगळी चित्रं तोंडावरच, पानामागून पान, रेवतीच्या ड्रेसिंग टेबलावरच्या बाटल्यांसारखी. बोट वरून खाली ओढलं तर लिहायची पट्टी उघडे. "लिहिता आलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं, मेल्या," असं त्या फोनलाच सुनावत.

आणि एवढ्या पानांत व्हॉट्सॲपचं हिरवं चित्र कुठेच नव्हतं.

"फोन जुना झालाय, आई. त्यात आता ते चालत नाही," भाजी चिरता चिरता रेवती म्हणाली.

"मग रजनीचं बोलणं मी ऐकायचं कसं?"

"साधा फोन आहे की. पण ताई लग्नाच्या गडबडीत. वेळ मिळाला की त्याच करतील."

रजनीच्या लेकीचं, दिशाचं लग्न ठरलं होतं. या घराण्यात मुलीचं पहिलं केळवण आजोळचं. ते झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या पाटावर मुलगी बसत नाही. दिवस मात्र लेकीने कळवायचा. तो रजनी कळवेना. मुलगा दुबे, मराठी नव्हे, तरी द्वारकाबाईंनी नाक मुरडलं नव्हतं. "दुबे तर दुबे, पुरणपोळी खातो ना?" एवढंच विचारलं होतं. आणि आता लेकीला माहेर आठवत नसेल, तर माहेराने हात पसरत जायचं? त्यांनीही फोन उचलला नाही. आतल्या आत धुमसत राहिल्या.

गरौठा गावाकडे कामावर असलेला त्यांचा मुलगा, रेवतीचा नवरा पराग सुट्टीला घरी आला. चहा पिताना त्याचा फोन ओट्याजवळ पडला होता. द्वारकाबाईंनी सवयीने बोट वर ओढलं. सगळी चित्रं भसाभस वर आली.

"तुझ्यात येतात. माझ्यात का येत नाहीत रे?"

"अगं, तुझ्यात वर नाही ओढायचं. पानं सरकवत शेवटपर्यंत जा. अजून. हां, बस."

शेवटच्या पानापलीकडे वेगळंच बिऱ्हाड होतं. फोनने आपल्याच मनाने चित्रांची गाठोडी बांधून चौकोनांत ठेवली होती. त्यातल्या एका चौकोनात हिरवं चित्र बसलं होतं.

"हे तर आहे!" द्वारकाबाई म्हणाल्या.

"असणारच. सिम घातलं तेव्हा मीच चालू करून दिलं होतं की."

"मग समोरून गेलं कुठे? आपोआप जातं?"

"आपोआप नाही जात. चित्र दाबून धरावं लागतं. मग तो विचारतो, पार पुसू का नुसतं समोरून काढू." परागने अजून काही दाबून पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "आई, याची घंटीपण बंद केलीय कोणीतरी."

रजनीचे बोललेले निरोप एकाखाली एक पडले होते. परागने पहिला लावला. "आई, पुढच्या रविवारी येऊ का गं? दिशाला तुझ्याच हातची पोळी हवीय." मग, "ऐकलंस का? बोल ना काही." आणि शेवटचा, रडून घसा बसलेला. "रेवती सांगत होती, मुलगा आपल्यातला नाही म्हणून तू केळवण करणार नाहीस, माझ्याशी बोलणार पण नाहीस. ठीक आहे, आई. दिशाच्या सासरचेच करतील पहिलं."

रेवती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रेवती, ये क्या है?" परागने विचारलं.

"काय है म्हणजे? वीस-पंचवीस माणसं येणार. आई पाटावर बसून हुकूम सोडणार, मी उभ्याने पुरण वाटणार. माझी आई आजारी होती तेव्हा मला जाऊ दिलंत का? तेव्हा सण आडवा आला. माझं माहेर ते माहेर नाही, आणि तुमच्या लेकीचं मात्र आहे!"

हे शेवटचं खरं होतं. द्वारकाबाईंना ते लागलंही. पण त्यांनी पापणी हलू दिली नाही. फोन उचलून त्यांनी रेवतीच्या हातात ठेवला.

"तुला मी जाऊ दिलं नाही, ते तोंडावर 'नाही' म्हणून. तूही माझ्या तोंडावर नाही म्हणायचंस. मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, आणि आचारी बोलावला असता. तू माझ्या नावाने माझ्याच लेकीला नाही म्हणालीस, सूनबाई. आता ऐक. केळवण रविवारी, इथेच. तुझा हात कढईला लागणार नाही, आणि दिशाला ओवाळायलाही तू पुढे यायचं नाहीस. खोटं कोण बोललं ते रजनीला तू सांगशील, स्वतःचं नाव घेऊन, आत्ता, माझ्यासमोर. लाव फोन."